घासलेला रुपया

पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया ऑनलाइन लिलावात ‘यूएनसी’ म्हणून, म्हणजे चलनात कधीच न फिरलेला म्हणून विकला जातो आणि पाकिटातून निघतो तो खसाखसा घासलेला. नाणं अस्सलच असतं. वजन ११.६६ ग्रॅम भरतं, चांदी खरी असते, खोटी असते ती त्याची हकिगत. मला ही फसवणूक बनावट नाण्याहून जास्त लागते. बनावट नाणं बाजूला टाकता येतं. इथे खऱ्या नाण्यावरचाच पुरावा कायमचा पुसला गेलेला असतो.

आमच्या चिंचणी-वरोर पट्ट्यात डायमेकिंगचा धंदा जुना. दागिन्यांच्या नक्षीचे साचे पोलादात कोरणाऱ्या माणसाच्या हाती असा रुपया आणि भिंग द्या. वापराची झीज आधी उंचवट्यांवर येते, राजाच्या मुकुटावर, गालावर, दाढीवर. खोलगट जागी मूळ झळाळी टिकून राहते. पॉलिश मारलेल्यावर सगळीकडे सारखीच चकाकी, वर एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा. साचे कोरणाऱ्याच्या हे लगेच लक्षात येतं. लिलावातल्या फोटोत मात्र प्रखर उजेड, एकच कोन, कडेचा फोटो नाहीच, आणि खाली ‘फोटोत दिसेल तसं, परत घेणार नाही’.

फोटोऐवजी अंकांवर विसंबावं म्हणाल, तर नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० अंक देण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी मांडली. याच शेल्डन यांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीतले उत्तम सेंट काढून तिथे आपले हलके ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. नुसत्या अंकांवर माझा भरवसा नाही तो म्हणून.

भरवसा कसा मिळवतात ते आमच्याच गावच्या ताम्रपटांत दिसतं. ते १९५५ मध्ये चिंचणीत सापडले, दिनेशचंद्र सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा लेख सांगतो की राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणचा कारभार मोहम्मद सुगतिप या अरबाकडे होता. केवढी मोठी गोष्ट! ती मानता येते, कारण अशा वाचनात पुसट अक्षर कंसात टाकायची शिस्त असते. दिसलेलं वेगळं, तर्काने भरलेलं वेगळं.

रुपया विकणाऱ्याने एवढंच करावं. ‘घासलेला आहे’, ‘कडेला ठोक आहे’, ‘माळेत ओवायला लावलेली कडी काढली आहे, डाग शिल्लक आहे’ असं सरळ लिहावं. किंमत कमी येईल, हे खरं. पण कुणा बाईच्या गळ्यात वर्षानुवर्षं राहिलेला तो डागाचा रुपया मी चकचकीत नाण्याच्या आधी घेईन, आणि मागेल ती वाजवी किंमत देऊन.