टाळी कुणाला?

गाणाऱ्यावर जीव टाकणं ही तशी बसल्या जागी करायची गोष्ट. वेळेआधी जाऊन जागा धरावी, समेवर मान हलवावी, आवडलं तर 'वन्स मोअर' म्हणून ओरडावं. यवतमाळच्या एका ख्रिस्ती संगीत संध्येला मी याच तयारीनं गेलो होतो. कॅसेटच्या जमान्यापासून कानात बसलेला एक आवाज एकदा समोर बसून ऐकायचा, एवढाच हिशेब. डिसेंबरची थंडी, चर्चच्या आवारात सतरंज्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, कनातीपलीकडे पातेल्यात उकळणारा चहा. दिवसभर रस्त्यावरून जिनिंगकडे गेलेल्या गाड्यांतल्या कापसाचे पुंजके मांडवाच्या दोऱ्यांना अडकलेले.

कार्यक्रम सुरू व्हायला उशीर झाला तो ढोलकीमुळे. दवानं कातडं सैल पडलं होतं. वादक एकेक कडी दोरीवरून वर सरकवी, थाप मारून कान लावी आणि पुन्हा पुढच्या कडीला हात घाली. कीबोर्डवाला पोरगा कंटाळला. बायांना ही पट्टी झेपायची नाही, आपण अर्धा सूर खाली येऊ, असं तो म्हणाला आणि त्यानं बोटानं दाखवलंही, किती सोपं आहे ते. ढोलकीवाल्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "बटण तुह्यापाशी हाये बाबू, माह्यापाशी कातडं हाये." पट्टी ठरली ती कातड्याला मानवेल तीच.

मग गायक बसला. पेटी पुढ्यात ओढून त्यानं नारायण वामन टिळकांचं एक भजन धरलं. ध्रुवपद एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं आणि तिसऱ्या वेळी तो गप्प राहिला. सतरंजीवरून आवाज उठला. म्हाताऱ्या बायांना पुस्तक लागत नव्हतं. 'उपासना संगीत' त्यांच्या तोंडातच होतं. मी डोळे मिटून, मान हलवत बसलो होतो. शेजारच्या आजींनी कोपरानं ढोसलं. "तुम्ही बी म्हणा नं जी. नुसतं आयकाले आले का?"

खरं तर मी नुसतं ऐकायलाच आलो होतो. पण मराठी भजनात तशी सोय कुणी ठेवलेलीच नाही. पुढचा म्हणतो ते मागच्यानं झेलायचं असतं. न झेललं तर कडवं तिथंच पडतं. टिळकांना हे बाहेरून शिकावं लागलं नव्हतं. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ओवी आणि अभंग त्यांच्या जिभेवर त्याच्या कितीतरी आधीपासून होते. फादर स्टीफन्सनी गोव्यात 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचलं, १६१६ मध्ये ते छापूनही झालं; तेव्हा मराठीतून ख्रिस्त गायचा तो याच वाटेनं, हे तीनशे वर्षं आधीच ठरून गेलं होतं. टिळकांनी त्या वाटेवर भजनी मंडळ आणून बसवलं. उपदेश ऐकून माणूस घरी जातो. ध्रुवपद मात्र तो सोबत घेऊन जातो, हे त्यांच्यातल्या कीर्तनकाराला ठाऊक होतं.

यवतमाळात या गाण्याला आणखी एक गंमत चिकटली आहे. इथं मुख्यतः ज्या मिशननं काम उभं केलं, ते फ्री मेथडिस्ट. अमेरिकेत १८६० साली निघालेल्या या पंथाच्या उपासनेत वाद्यांना मज्जाव होता. ऑर्गन किंवा पियानोला सवलत मिळायला १९४३ साल उजाडावं लागलं. वरवर पाहता हा नुसता सोवळेपणा वाटतो. पण त्यामागचा आग्रह असा की, पगारी गायकवृंदानं गावं आणि मंडळीनं बसून ऐकावं, असं होऊ नये. देवापुढे ज्याचं त्यानं गावं. म्हणजे माझ्या शेजारच्या आजींचं म्हणणं आणि त्या गोऱ्या मंडळींचं म्हणणं एकच. त्यांनी त्यासाठी वाद्य बंद केलं, इथल्या लोकांनी त्याचसाठी ढोलकी आणली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराज खंजिरीवर गावंच्या गावं गायला लावत होते, त्या मुलखात बिनवाद्याची भक्ती किती दिवस टिकणार होती? पुढे १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी याच गावात होती. ती पुण्याला गेली, पण तोवर देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे सूर या गावाच्या कानांवरून गेले होते.

मध्यंतरानंतर पोरांचा बँड आला. ड्रम, गिटार, पडद्यावर गाण्याचे शब्द, निळे-जांभळे दिवे. सतरंजीवरच्या आज्या जरा मागे सरकल्या, तरुण पोरं पुढे येऊन उभी राहिली. अर्ध्यांचे हात वर होते आणि उरलेल्यांच्या हातांत मोबाइल. गाणं संपलं की निवेदक ओरडे, "प्रभूसाठी जोरदार टाळ्या!" टाळ्या पडत. मी मात्र तिथं अडकलो. भजनाच्या अंतऱ्यात त्या गायकानं वरच्या षड्जावर आवाज असा काही ठेवला होता की, माझी टाळी निवेदकाची वाट न पाहता पडली होती. ती प्रभूसाठी नव्हती. ती त्या गळ्यासाठी होती, त्यामागच्या पहाटेच्या रियाजासाठी होती. देवाच्या वाट्याचं आपण माणसाला देऊन बसलो का, असं क्षणभर वाटलं; पण टिळकांनी यमक, मात्रा, चाल यांत कधी कसर ठेवली नाही. बेताल भजन देवाला चालत असेलही, पण बसवणाऱ्याला चालू नये. कारागिरीला दिलेली दाद देवाच्या खात्यातून वजा होत नसावी. तसं असतं तर आजींनी मला गायला ढोसलं नसतं, गप्प बसून प्रार्थना करा म्हटलं असतं.

शेवटी चहाच्या पातेल्यापाशी तो गायक सापडला. मफलर गुंडाळून, बशीत फुंकर मारत उभा होता. मी कॅसेटचं सांगितलं, षड्जाचं सांगितलं, फोटो मागितला. फोटो त्यानं काढू दिला. मग विचारलं, "मागं शब्द समजत होते का? कोण कोण म्हणत होतं मागं?" चाहत्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं, कारण चाहता पुढे बघत बसलेला असतो. मी म्हटलं, आमच्या ओळीत तरी सगळे म्हणत होते. एवढ्यावर तो षड्जाच्या कौतुकापेक्षा जास्त खूश झाला.

"नाताळानंतर पांढरकवड्याले कार्यक्रम हाये," तो म्हणाला. "या. पण पुढं नका बसू. तिथं मागून आवाज कमी पडते."

जाणार आहे. ध्रुवपद पाठ झालंय, आणि पट्टी झेपली नाही तर ढोलकीवाल्याशी मीच भांडणार आहे.