टाचणवहीत नसलेला रकाना

जून उजाडला की नांदेड-लातूरकडच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक नवी टाचणवही काढतात. तारीख, इयत्ता, घटक, शैक्षणिक साहित्य, अध्ययन निष्पत्ती असे रकाने आखले जातात. खाली मुख्याध्यापकांची सही. ही वही तास होण्याआधी लिहायची असते. तासात प्रत्यक्ष काय घडलं, कोणतं उदाहरण फसलं, कुणाच्या प्रश्नानं अख्खा वर्ग वेगळ्याच वाटेला लागला, याला तिच्यात रकानाच नसतो. शिक्षकाचा ब्लॉग त्या रकान्यासाठी आहे.

तसा तो फार थोड्यांनी वापरला. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहिणं आलं. पुढच्या काळात मराठीत शिक्षकांचे ब्लॉग भराभर उभे राहिले. त्यांतल्या बऱ्याच ब्लॉगांवर शासन निर्णय, रजेचे अर्ज, आयकराचं गणनपत्रक आणि तयार नोंदींच्या लांबलचक याद्या असतात. ‘कविता तालासुरात म्हणते’, ‘गृहपाठ वेळेवर करते’. हेच वाक्य मुखेडच्या मुलीपुढे आणि हेच औशाच्या मुलीपुढे. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता, वर सरल आणि यू-डायस या पोर्टलांवर भरायची माहिती, पोषण आहाराचा हिशेब. एवढं उरकून नोंदी लिहायला बसलेल्या शिक्षकानं तयार यादीकडे वळावं, हे समजण्यासारखं आहे. पण मुलाला पाहण्याआधीच लिहिलेली नोंद त्या मुलाची नसते.

वर्गात तंत्रज्ञान वापरण्यात ज्यांचं नाव झालं, त्यांची सुरुवात मुलाला पाहण्यातूनच कशी झाली ते पाहावं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांच्यापुढे आलेल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक मराठीत. त्यांनी ती भाषा शिकून घेतली आणि पहिली ते चौथीच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड मोबाइलनं टिपला की कविता ऐकू यायची, चित्रफीत दिसायची. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. जगभर गाजला तो क्यूआर कोड; पण कामाचं मूळ, घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर आहे हे दिसण्यात होतं. लातूरला लागून असलेल्या उमरगा तालुक्यात, जगदंबानगरच्या शाळेत उमेश खोसे यांनाही असंच दिसलं. त्यांनी पहिलीचं पुस्तक बंजारा बोलीत आणलं आणि इंटरनेटशिवाय चालणारी ॲप तयार केली. २०२१ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला.

नांदेड-लातूरला ही गोष्ट नवी नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी, किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. तांड्यावरची पहिलीतली मुलगी भाकरीच्या चित्राला ‘बाटी’ म्हणते, तेव्हा ते चुकलेलं उत्तर नसतं. असे पन्नास-शंभर शब्द एखाद्या बाईंनी तारीखवार लिहून ब्लॉगवर ठेवले, तर पुढच्या वर्षी त्या शाळेत बदलीनं येणाऱ्या शिक्षकाला पहिला महिना चाचपडावं लागणार नाही. बदल्यांच्या या नोकरीत शाळेची आठवण गुरुजींबरोबर निघून जाते, ती अशीच राखता येते.

लातूर म्हटलं की लातूर पॅटर्न, म्हणजे सराव आणि चाचण्यांवर चाचण्या. गुगल फॉर्म्सनं हे काम सोपं केलं. तपासणी आपोआप, गुण लगेच. पण फॉर्मची खरी किंमत चुकलेल्या उत्तरांत आहे. ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारलं की पुष्कळ मुलं ०.३५ वर बोट ठेवतात, कारण पाचापेक्षा पस्तीस मोठे. अर्ध्या वर्गानं एकच चूक केलेली दिसली, की तिथे अभ्यासाचा आळस नसतो. दशांश स्थळ शिकवताना काहीतरी निसटलेलं असतं. ते काय निसटलं आणि दुसऱ्या दिवशी कसं सांगितलं, हे लिहायचं.

लिहिताना कारागिराची काळजी लागते. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की त्याची भलतीच अक्षरं होतात, म्हणून युनिकोडच हवा. पानाचा फोटो टाकला तर शोधणाऱ्याला त्यातला शब्द सापडत नाही. टाइप करायला वेळ नसेल तर बोलून लिहावं. २०१७ पासून गुगलचं व्हॉइस टायपिंग मराठीत आहे. मात्र मुलानं ‘कामून’ म्हटलं असेल, तर नंतर वाचून ते ‘का’ झालेलं नाही ना, हे पाहावं. मुलाचं नाव आणि चेहरा ब्लॉगवर नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. कायदा नसता तरी वर्गातली चूक गावभर करू नये.

२०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं अभियान निघालं आणि दीक्षा ॲपच्या लिंका व्हॉट्सॲपच्या गटागटात फिरल्या. खेड्यातला फोन तेव्हा वडिलांबरोबर शेतात असायचा. ज्या गुरुजींच्या हे लक्षात आलं, त्यांनी अभ्यास सकाळी पाठवणं सोडलं आणि दिवेलागणीला पाठवू लागले. हे शहाणपण कोणत्याही ॲपमध्ये नव्हतं, आणि फार थोड्या ठिकाणी ते लिहून ठेवलं गेलं.

साधनं जातात. फ्लॅश २०२० अखेर बंद झालं आणि त्यावर बेतलेले कितीतरी ई-लर्निंगचे पाठ उघडेनासे झाले. ऑनलाइन वर्गाचं एडमोडो सप्टेंबर २०२२ मध्ये मिटलं, गुगलचा डिजिटल फळा जॅमबोर्ड २०२४ च्या शेवटी. १९९९ चं ब्लॉगर आणि २००३ चं वर्डप्रेस अजून चालू आहेत, तरी वर्षातून एकदा बॅकअपची फाइल उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवावी.

पुढच्या शिक्षण परिषदेला जाताना, गुरुजी आणि बाई, आपल्या वर्गातल्या एका तासाची चार ओळींची नोंद सोबत न्या. तारीख घालून, मुलाच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा ठेवून.