मुकादमाची मिशी

बाईच्या दुखण्यावर रंगमंचावर विनोद करू नये, हे माझं अनेक वर्षांचं मत. नुसतं मत नव्हे, मी ते राबवतही असे. निरगुडसरला नांदायला आले, इथंच शाळेत नोकरी झाली, त्यामुळे बचत गटाचा कार्यक्रम म्हटला की बसवायचं काम माझ्याकडे. बायका म्हणायच्या, "बाई, औंदा काहीतरी हसायचं बसवू." मी म्हणायची, "हसण्यासारखं काय आहे तुमच्या आयुष्यात?" आणि एक रडकी नाटिका त्यांच्या हाती ठेवायची.

या मताला कारण होतं. नारायणगाव आमच्यापासून लांब नाही. पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला जातात. या भागात तमाशा न बघता कुणी मोठं होत नाही. गवळणीत साडी नेसलेला बाप्या मावशी होऊन ठुमकत येतो. बतावणीत सोंगाड्या बायकोच्या अंगावरून, आवाजावरून, कण्हण्यावरून हशे काढतो. ते बघून माझी खात्री झाली होती की दुखणं आणि विनोद एका जागी आले की मार बाईलाच बसतो.

त्यामुळे तमाशातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची ती गोष्ट मी वर्गात आणि व्यासपीठावर नेहमी गंभीर सुरात सांगितली. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. गोष्टीत पुढं असंही येतं की पोट उतरलेलं प्रेक्षकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला. याला मी 'कलानिष्ठा' म्हणत असे. टाळ्या पडायच्या. पुढं १९५७ आणि १९९० चा राष्ट्रपती पुरस्कार, २००२ मधला मृत्यू, अखेरच्या दिवसांतली हलाखी, असा क्रम. एकदा आवंढा गिळला की भाषण संपवायला सोपं जातं.

मग एका आठ मार्चला माझी तब्येत बरी नव्हती आणि बायकांनी मला न विचारता आपलं आपण बसवलं.

विषय ऊसतोडीचा. आमच्याकडे पारगावला भीमाशंकर कारखाना आहे, हंगाम लागला की बीड-नगरकडच्या टोळ्या येतात, पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. खेळात एक बाई मुकादम झाली होती. डोक्याला टॉवेल, खिशात डायरी, काजळानं काढलेली मिशी. ती एका बाजूनं जरा जास्तच वर गेलेली. दुसरी नऊ महिन्यांची पोटुशी, पोटाला उशी बांधून, डोक्यावर उसाची खरी मोळी. तिला कळ येते. मुकादम डायरी उघडतो.

"कळ कधी सुरू झाली?"

"आत्ताच की, मुकादम."

"मग जेवायच्या सुट्टीत का नाही आली? आता अर्धा खाडा धरू का पुरा?"

पुढच्या प्रवेशात डॉक्टर. बाई सांगते, डोकं भणभणतंय, कंबरेत उसण भरलीय, गुडघा ठणकतोय, ओटीपोटात आग पडलीय. डॉक्टर प्रत्येक दुखण्याला मान हलवतो आणि शेवटी म्हणतो, पिशवी काढून टाकू. बाई विचारते, "काढा की. पण खाड्याचे पैसे कोण भरणार, ते कागदावर लिवून द्या."

मी मागं खुर्चीवर बसून चिडले होते. खरंच चिडले. कारण हा विषय मला आकड्यांनी माहीत होता. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीतून आलं होतं, की त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली आहे. असल्या गोष्टीवर खिदळायचं?

पण हशा ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. मिशी दिसली तेव्हा बापे मोठ्यानं हसले, बाया तोंडाला पदर लावून. डायरी उघडली तेव्हा उलटं झालं. बाप्यांचा आवाज बसला आणि बायांनी पदर सोडून दिला. माझ्या रडक्या नाटिकांना हेच बापे शेवटी "फार छान, डोळ्यात पाणी आलं" म्हणून जात. रडायला त्यांना काही मोल पडत नव्हतं. बाईचं दुखणं आभाळातून पडलेलं असलं की सगळ्यांनाच हळहळता येतं. खाड्याची डायरी मात्र कुणाच्या तरी खिशात असते.

त्या रात्री मला विठाबाईंची गोष्ट पुन्हा आठवली, आणि तिच्यातला हिशेब मी कधी केलाच नव्हता हे जाणवलं. ऊसतोडीसारखाच तमाशाही उचलीवर चालतो. हंगामाआधी पैसे उचलायचे, हंगामभर अंगानं फेडायचे. विठाबाई फडाच्या मालकीण होत्या हे खरं, त्यांना कुणी चाबूक घेऊन उभं केलं नव्हतं. पण मालकिणीच्या पायावरच सगळ्या फडाची चूल असते, आणि मोडलेल्या खेळाची सुपारी कोण देतं? मी याला निष्ठा म्हणून हार घातला. वर प्रेक्षकांनी खेळ थांबवला म्हणून त्यांनाही मोठेपणा दिला. दिवस भरलेली बाई नाचताना ते तोवर बघत होतेच की!

आणि डायरी कुणाच्या खिशात आहे ते हसत हसत दाखवणं काही नवं नाही. नाथांच्या एका भारुडातली सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते आणि सासू, सासरा, जाऊ, नणंदेचं पोर करत करत शेवटी नवऱ्याचीही आहुती द्यायला निघते. कीर्तनकार त्याचा परमार्थ सांगतात, तो असेलच. पण बायका हसतात त्या परमार्थाला हसत नाहीत. सुषमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात तमाशातल्या बायकांशी बोलून 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' हे एकपात्री रंगमंचावर आणलं. त्यातली बाईही नुसती कण्हत बसत नाही. हे सगळं माहीत असून मी आठ मार्चला रडगाणी लिहीत होते.

सगळंच मत बदललेलं नाही. साडी नेसून बायकांच्या ढेरीवर हशा काढणारा बाप्या, तो तमाशातला असो की टीव्हीवरचा, मला आजही आवडत नाही. त्याच्या विनोदात डायरी कुणाच्या खिशात आहे ते कधीच दिसत नाही. मावशीबद्दल मात्र थोडी नरमले आहे. बाजाराची वाट अडवणाऱ्या पेंद्या-किसनाशी घासाघीस करणारी गवळणीत तीच एकटी असते.

आता बायकांनी मला विठाबाईंच्या गोष्टीवर वग लिहायला सांगितलाय, हसायचा. दोन प्रवेश झालेत. सुपारी दिलेला कमिटीवाला पडद्याबाहेर घड्याळ बघत फेऱ्या घालतोय, फडावरचा ढोलकीवाला वेळ काढतोय, आणि एक शाळेच्या बाई माइकपाशी येऊन कलानिष्ठेवर भाषण ठोकताहेत. ते काम मीच करावं असा त्यांचा हट्ट आहे. मी मुकादम मागितला होता, पण तो कुणी सोडायला तयार नाही.