मुळातला पाझर

आमच्या सेलू तालुक्यात कालवा म्हटला की बोर धरणाचा. त्याला भेग पडली की शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचत नाही, हे कास्तकाराला सांगायला नको. पण दाताच्या मुळातही कालवा असतो आणि तोही पाझरतो, हे मला केळझरात पन्नाशी उलटल्यावर कळले.

झाले असे. माझी खालची दाढ किडली, म्हणून रूट कॅनॉल करून घेतले. "लवकर येऊन वरून कॅप बसवून घ्या," असे डॉक्टरांनी बजावले होते. मी म्हटले, कापूस विकला की येतो. ठणका तर थांबला होता! कापूस विकला, पैसा दुसरीकडे गेला आणि दीड वर्षाने ऐन वेचणीत गाल टम्म सुजला.

दाढ उपटूनच टाकावी, असे मनाशी धरून वर्ध्याजवळ सावंगीच्या दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई फोटो पाहून म्हणाल्या, "काका, दाढ वाचेल. पण आतले सगळे काढून पुन्हा भरावे लागेल." मी म्हटले, "मग या खेपेला न पाझरणारे सिमेंट भरा." बाई हसल्या, पण समजावून सांगितले.

मुळाची पोकळी साफ करून तीत गट्टापर्चाच्या काड्या भरतात. गट्टापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. काडी भिंतीला चिकटत नाही. मधली फट बुजवतो तो सीलर. कणगी विणून झाल्यावर आपण शेणामातीने लिंपतो ना, तसेच. जुना सीलर झिंक ऑक्साईड आणि युजेनॉलचा. युजेनॉल लवंगेच्या तेलातले. दातांच्या दवाखान्यात लवंगेचा वास येतो तो त्याचाच. हा सीलर ओलाव्यात हळूहळू विरघळतो. कॅल्शियम हायड्रॉक्साईडचेही तसेच. इपॉक्सी राळेचा भिंतीला चांगला धरतो. अलीकडचे बायोसिरॅमिक तर ओलाव्यातच घट्ट होतात. मात्र पुढे काढायची वेळ आली तर काढणे जड जाते.

यांची परीक्षा मोठी गमतीची. उपटलेले दात भरतात, मुळाचे टोक सोडून बाहेरून नखपॉलिश लावतात आणि निळ्या रंगात बुडवून ठेवतात. मग दात उभा चिरून रंग किती मिलिमीटर आत शिरला ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पुष्कळ परीक्षांत इपॉक्सीचा सीलर लवंगेवाल्यापेक्षा कमी पाझरलेला दिसला. पण एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीशी जुळेलच असे नाही. शिवाय रंगाचा कण जंतूपेक्षा कितीतरी बारीक. रंग शिरला म्हणजे जंतू शिरलाच असे म्हणता येत नाही. एकदम न पाझरणारा सीलर अजून कोणाला सापडलेला नाही.

"आणि काका," बाई म्हणाल्या, "तुमचा पाझर खालून नाही, वरून आहे. वरचे तात्पुरते भरण झिजले, लाळ आत गेली, लाळेबरोबर जंतू गेले. छप्पर उघडे ठेवून कणगी लिंपली तर धान्य कोरडे राहील का?"

मी मान खाली घातली. माझी बायको शेजारीच बसली होती. गेले दीड वर्ष ती हेच सांगत होती.

दाढ पुन्हा भरली. कोणता सीलर घातला ते मी विचारलेसुद्धा नाही. कॅप मात्र पुढच्याच खेपेला बसवली. त्या वेळी कापूस घरातच पडून होता. कॅपचे पैसे शेजाऱ्याकडून उसने घेतले.