पाण्यातून होडीवर चढायची शिडी

लहान शिडाच्या होडीवरच्या शिडीचे मुख्य काम पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेणे हे असते, त्यामुळे तिची पारख पाण्यातूनच करावी लागते. तरंगणाऱ्या माणसाचे वजन पाणी तोलून धरते. छाती पाण्याबाहेर निघाली की तो सगळा भार हातांवर येतो, भिजलेले कपडे तो वाढवतात आणि लाइफ जॅकेट काठाला अडते. पट्टीचा पोहणाराही अशा वेळी काठाला नुसता लोंबकळत राहतो.

रॉड जॉनस्टन यांनी 1970 च्या दशकात आखलेली जे-24 ही 24 फुटी अमेरिकन होडी मुंबईच्या शर्यतींतही दिसते. प्रस्तुत लेखकाने शिड्या पारखल्या त्या अशाच होडीवर, नांगर टाकून, शांत पाण्यात आणि लाइफ जॅकेट घालून. (लेझरसारख्या बुटक्या होडीला शिडी लागतच नाही, तिच्या मागच्या काठावरून अंग वर ओढता येते.)

दोरशिडी स्वस्त असते आणि पिशवीत मावते. पण पाय ठेवताच ती होडीच्या पोटाखाली सरकते, पाय पुढे जातात, पाठ मागे पडते आणि माणूस जवळजवळ आडवा होतो. थकलेल्या माणसाला तेथून वर येणे अशक्यप्राय असते. काठाला आकड्यांनी अडकवायची ताठ शिडी चढायला बरी, परंतु ती होडीवरच्या कोणीतरी लावून द्यावी लागते. एकटा नावाडी पाण्यात पडला, तर कप्प्यातली शिडी त्याच्या काय कामाची? युरोपीय संघाच्या 2013 च्या नियमांनुसार वर चढण्याचे साधन पाण्यातल्या माणसाला दुसऱ्याच्या मदतीशिवाय वापरता आले पाहिजे. लेखकाच्या मते ही अट जी शिडी पाळत नाही, तिचा विचारच करू नये.

म्हणून निवड झाली ती मागच्या भिंतीवर कायम बसणाऱ्या, दुमडत्या स्टेनलेस स्टीलच्या शिडीची. जे-24 वर मधोमध सुकाणू आणि त्याच्या एका बाजूला इंजिन असते, त्यामुळे शिडीला दुसरी बाजू उरते. चढताना इंजिन बंद हवे, हे सांगण्याची गरज पडू नये. लाटा असल्या की होडीची मागची बाजू वरखाली आपटते. अशा वेळी तिच्याखाली डोके जाण्याचा धोका असतो. हा या जागेचा खरा दोष, आणि त्यावर पुरता उपाय नाही.

शिडीच्या किमान दोन पायऱ्या पाण्याखाली हव्यात. एकच असली, तर गुडघा छातीपर्यंत आणावा लागतो. गोल नळीच्या पायऱ्या अनवाणी तळव्यांना रुततात. रुंद, खरबरीत पायरीच घ्यावी. सरकत्या नळ्यांची शिडी कमी जागा घेते, पण मिटताना बोटे चिमटते. खाऱ्या पाण्यासाठी 316 प्रतीचे स्टील घ्यावे. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते 304 पेक्षा गंजाचा अधिक चांगला प्रतिकार करते.

बसवताना घाई नको. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचे हलके लाकूड असेल, तर भोकातून शिरलेले पाणी ते कुजवते. भोक मोठे पाडून इपॉक्सीने भरावे, मग त्यातच बोल्टाचे भोक पाडावे आणि आतून धातूची पट्टी द्यावी. शिडी वर बांधून ठेवणारी दोरी पाण्यातून हाताला लागेल इतकी लांब आणि एका ओढीत सुटणारी हवी. शेवटच्या पायरीवरून काठ ओलांडताना धरायला वर भक्कम मूठ नसेल, तर तीही त्याच वेळी बसवून घ्यावी.