सरपंच कोण?

मुलांनो, तुमच्या गावचे सरपंच कोण, असं विचारलं तर कुणाचं नाव सांगाल? मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला. सगळ्यांनी एका सुरात एका काकांचं नाव घेतलं. तेवढ्यात त्या काकांचीच मुलगी उठली. म्हणाली, "बाई, बाबा नाही! बोर्डावर आईचं नाव आहे."

वर्ग खो खो हसला. मी मात्र ओशाळले. कारण शाळेच्या पाण्याच्या टाकीचा अर्ज घेऊन मीसुद्धा काकांकडेच गेले होते! काका तसे भले माणूस, कामंही करतात. पण निवडून आल्या होत्या काकू.

१९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. खुर्ची मिळाली खरी, पण बसायचं कोणी? सभेच्या वेळी भाकऱ्या कोण थापणार? चार पुरुषांसमोर बोललं तर लोक काय म्हणतील? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेतात, ती याचसाठी. निदान तिथे तरी तोंड उघडता यावं!

मी अर्ज पुन्हा लिहिला, काकूंच्या नावाने. "ह्यांना विचारून सांगते," त्या म्हणाल्या. मी तिथेच बसून राहिले. मग त्यांनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला आणि विचारलं, "बाई, मुलींच्या मुतारीत नळ आहे का हो?"

नव्हता. आणि अर्जात तो मागायचं मलाही सुचलं नव्हतं.

शाळेत परतले तर बालमंत्रिमंडळाची यादी टेबलावर. मुलींकडे दरवर्षी स्वच्छता खातं, आणि ते देणारी मीच! आपल्या शेजारच्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ साली मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्राला १९६० पासून आजवर एकही महिला मुख्यमंत्री लाभलेली नाही. मी यादी फाडली आणि चिठ्ठ्या टाकून निवडणूक घेतली.

काकूंची लेक मुख्यमंत्रिपदाला उभी राहिली. तीन मतांनी पडली बिचारी. डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आपल्याकडे विरोधी पक्षनेता नसतो का?"