तिथीची पाऊणपट

समुद्रावर सहल काढावयाची म्हणजे सुटीचा वार पाहावा, डबे भरावे आणि निघावें, अशी बहुतेकांची समजूत असते. गाडीची वेळ आपण दोनदां विचारून घेतों. ज्याच्या भेटीस जावयाचें त्या समुद्राची वेळ मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक ती आपल्या घरच्या पंचांगांतच असते.

कोंकणांतील जुना हिशेब सोपा आहे. पक्ष कोणताही असो, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल त्या आंकड्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, द्वादशीस नऊ. त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटें उशिरां उगवतो व भरतीही तितकीच मागें पडते. पाऊण तास हा त्याचाच ठोकळ हिशेब. यांत थोडाफार फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ छापील कोष्टकांत पाहावी. 'सर्व्हे ऑफ इंडिया' तीं दरवर्षीं प्रसिद्ध करतें, आणि हल्लीं तर वेळ फोनवरही मिळते.

आमच्या गांवाचें नांवच अष्टमी. कुंडलिकेच्या पलीकडे रोहें. येथून मंडळी अलिबागेस कुलाबा किल्ला पाहावयास निघतात. १६८० सालीं शिवछत्रपतींनीं बांधावयास घेतलेल्या या किल्ल्यास ओहोटींत पायीं जातां येतें. अष्टमीच्या तिथीस भरती सहाला, म्हणजे ओहोटी ऐन दुपारीं बाराला. मुलांना घेऊन जाण्यास याहून सोयीची वेळ कोणती, असें वाटतें. पण कोष्टकाचा अर्धाच भाग वाचल्यानें असें वाटतें. अष्टमी हा भांगाचा दिवस. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणांत पाणी दहाबारा फूट चढतें-उतरतें. भांगांत तें जेमतेम चारपांच फूट. म्हणजे बाराला ओहोटी होईल, पण वाट पुरती उघडी पडेलच असें नाहीं. उलट चतुर्थीस उधाणाचा जोर अद्याप बराच असतो, आणि ओहोटी सकाळीं नवाच्या सुमारास येते. किल्ल्यांतील सिद्धिविनायकाच्या दर्शनास माघ शुद्ध चतुर्थीस जाणाऱ्यांना हा योग आपोआपच लाभतो.

तिथि दोन गोष्टी सांगते: पाणी केव्हां उतरेल, आणि किती उतरेल. दोन्ही एकत्र वाचाव्या. आणि एक पथ्य न चुकतां पाळावें: जाण्याची वेळ आपल्या सोयीनें ठरते, परतीची समुद्राच्या. म्हणून परतीची वेळ आधीं नक्की करावी, आणि तींतून मागें मोजीत निघण्याची. ओहोटी पूर्ण झाली कीं माघारीं फिरावें. पाणी चढूं लागल्यावर तटावर आणखी घटकाभर बसण्याचा मोह धरूं नये. बरोबर लहान मुलें व वृद्ध माणसें असतील, तर गुडघाभर पाण्याची ओढसुद्धां त्यांना झेपत नाहीं. पावसाळ्यांत, वाऱ्यानें लाटा उसळत असतां, कोणत्याही हिशेबावर न विसंबतां किनाऱ्यावरूनच किल्ला पाहावा हें बरें.

हा हिशेब मुलांना बोटांवर करावयास शिकवावा. अंधारलेल्या रात्रीं चंद्राची कोर पाहून उद्यांची भरती सांगतां येणें, ही विद्या थोडी असली तरी जन्मभर पुरणारी आहे.